डिटेक्टिव्हचा पुरावा कोर्टात टिकवायचा कसा

‘आधी डिटेक्टिव्हचं सरकारी लायसन तपासा,’ असा सल्ला सर्रास मिळतो. कुठलं लायसन? खासगी गुप्तहेर संस्थांसाठीचं विधेयक २००७ साली राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झालाच नाही. २००५चा कायदा आहे तो सिक्युरिटी एजन्सींसाठी. त्यामुळे डिटेक्टिव्ह ओळखपत्र नाचवू लागला तर दबून जाऊ नका. तुम्हाला जे करायला कायद्याची मनाई आहे, ते त्यालाही करता येत नाही.

१. आधी वकील गाठा, मग डिटेक्टिव्ह. नेमकं काय सिद्ध करायचंय हे वकील ठरवेल.

२. करार लेखी करा. साक्षीला येईन आणि मूळ मेमरी कार्ड देईन, ही दोन वाक्यं त्यात हवीतच.

३. मर्यादा आखून द्या. रस्त्यावर, हॉटेलच्या दारात फोटो काढणं वेगळं. बेडरूममध्ये कॅमेरा लपवला किंवा बायकोच्या फोनवर नजर ठेवणारं अ‍ॅप टाकलं, तर भारतीय न्याय संहितेची कलमं ७७ (बाईचं खासगी चित्रण) आणि ७८ (तिचा पाठलाग, फोन-इंटरनेटवर पाळत) दारात उभी राहतील. ‘सीडीआर (कुणाला कधी फोन केले याची कंपनीकडची नोंद) काढून देतो’ म्हणणाऱ्याला तिथूनच रामराम करा. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी याच धंद्यात डिटेक्टिव्हांना अटक केली होती. ‘बेकायदा मिळवलेला पुरावा कोर्ट बघतच नाही,’ हेही चूक. संबंधित असेल तर तो चालू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या मलकानी खटल्यात १९७२ सालीच ठरलंय. पण पुरावा आत जाईल आणि पाठोपाठ तुमच्यावर गुन्हाही दाखल होईल. नवरा-बायकोच्या भांडणात चोरून रेकॉर्ड केलेले फोन सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये ग्राह्य धरले. त्या निकालाचा अर्थ ‘आता काहीही करा’ असा काढू नका.

४. प्रमाणपत्र. बहुतेक जण आपटतात ते इथे, आणि सुरुवातीला मलाही याचाच सगळ्यात जास्त ताप झाला. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ (जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब) सांगतं की व्हिडिओची, ऑडिओची कॉपी दाखल करताना सोबत प्रमाणपत्र हवं. १ जुलै २०२४पासून त्याचे दोन भाग झालेत. ‘अ’ भाग डिव्हाइस ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला तिचा ठसा, लिहावी लागते. फाइलमध्ये तिळाएवढा बदल झाला तरी ती बदलते.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिडिओ मी पुरावा म्हणून हातातच घेत नाही. तिथे फाइल दाबली जाते, मूळ राहत नाही. कार्ड हातात घ्या, त्याच दिवशी हॅश काढून घ्या, प्रमाणपत्रावर सही त्याच आठवड्यात. पैसे पूर्ण चुकते केल्यावर प्रमाणपत्र मागाल तर फोन उचलला जाणार नाही. शेवटचा हप्ता सहीनंतरच द्या.

सही करायला डिटेक्टिव्ह तयारच नसेल तर? जालन्याच्या निवडणूक खटल्यात अधिकाऱ्यांनी वारंवार मागूनही प्रमाणपत्र दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचंच, पण शक्य ते सगळं करूनही मिळालं नाही तर सवलत मिळू शकते. तेव्हा मागणी लेखी करा, पोचपावत्या जपा आणि कोर्टाकडे ते मागवण्याचा अर्ज द्या. तोंडी विनवण्यांची नोंद कुठेच राहत नाही.

फॅमिली कोर्टाला १९८४च्या कायद्याच्या कलम १४मुळे पुरावा स्वीकारण्यात जरा मोकळीक आहे. मी तरी तिच्या भरवशावर प्रमाणपत्र सोडत नाही. प्रकरण अपिलात गेलं की समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

५. डिटेक्टिव्हला साक्षीला उभा करा. नुसता बांधीव रिपोर्ट म्हणजे ऐकीव गोष्ट. उलटतपासात तारीख, वेळ, जागा त्यालाच सांगावी लागेल.

६. निकाल आणि अपील संपेपर्यंत मूळ कार्ड, फोन फॉरमॅट करू नका, विकू नका.