पहाटेची नोंद : पाण्यातील देवघेव मोजण्याचा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रकल्पाच्या पहिल्या तीन महिन्यांत माझ्या वहीत विरघळलेल्या ऑक्सिजनच्या चाळीसहून अधिक नोंदी जमल्या होत्या आणि त्या सगळ्या उजेडातल्या होत्या. नाशिकहून सकाळची बस धरून गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावर पोहोचेपर्यंत दहा वाजत, अकराच्या सुमारास नमुने भरून होत आणि दुपारी मी प्रयोगशाळेत परत असे. मार्गदर्शक मॅडमनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री हे पाणी काय करतं?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. जलपरिसंस्थेतील पदार्थांची देवघेव मोजण्याचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी स्वतःला विचारावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

पाण्याच्या एका नमुन्यातून मिळणारा आकडा ही त्या क्षणाची शिल्लक असते. देवघेव म्हणजे जमाखर्च, आणि तो मोजायचा तर दोन शिलकांमधला काळ हाती असावा लागतो. दिवसा शैवाल आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन सोडतात, तर श्वसन दिवसरात्र चालू राहते. त्यामुळे ऑक्सिजनचे प्रमाण साधारणपणे दुपारनंतर सर्वाधिक आणि सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असते. बंधाऱ्याच्या फुगवट्यात जाळे टाकणाऱ्या एका काकांनी मला हे फार आधी सांगितले होते: पाणी हिरवे दाट झाले की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. ते निरीक्षण मी तेव्हाच मोजमाप म्हणून वहीत लिहायला हवे होते, असे आज वाटते.

सुरुवात उजेडी आणि अंधाऱ्या बाटलीने करावी. ही पद्धत गार्डर आणि ग्रान यांनी 1927 मध्ये मांडली आणि शिकण्यासाठी तिच्याइतकी स्पष्ट दुसरी पद्धत मला माहीत नाही. एकाच ठिकाणचे पाणी 300 मिलिलिटरच्या तीन बीओडी बाटल्यांत (घट्ट बुचाच्या काचेच्या बाटल्यांत) भरावे. एकीतला ऑक्सिजन लगेच मोजावा, दुसरी (उजेडी) बूच लावून पण न गुंडाळता आणि तिसरी (अंधारी) काळ्या कापडात व वरून अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, नमुना घेतला त्याच खोलीवर टांगावी. समजा, सुरुवातीला लिटरमागे 6.5 मिलिग्रॅम ऑक्सिजन होता आणि चार तासांनी अंधाऱ्या बाटलीत 6.1, तर उजेडी बाटलीत 7.7 मिलिग्रॅम आढळला. याचा अर्थ श्वसनाने ताशी 0.1 मिलिग्रॅम खर्च झाला, निव्वळ उत्पादन ताशी 0.3 झाले आणि एकूण उत्पादन 0.4. ऑक्सिजनच्या 32 भारामागे कार्बनचे 12 भार धरले, तर यावरून किती कार्बन बांधला गेला याचा अंदाजही निघतो. प्रत्येक बाटलीच्या तीन प्रती ठेवाव्यात. शैवाल दाट असेल तर बाटल्या दिवसभर टांगून ठेवू नयेत, कारण उजेडी बाटलीत बुडबुडे धरू लागतात आणि बुच काढताच तो ऑक्सिजन निसटून जातो.

ऑक्सिजन मोजण्यासाठी हातात मीटर असला तरी विंकलर पद्धत, म्हणजे रसायने टाकून ऑक्सिजन मोजण्याची रीत, हाताखालून गेलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ही पद्धत 1888 पासूनची आहे आणि मीटर बिघडला आहे की नाही, हे आजही तिच्यावरूनच ताडून पाहता येते. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अॅझाइड ही द्रावणे पिपेटचे टोक पाण्याखाली नेऊन सोडावीत. साका तपकिरी बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर तो जवळजवळ संपलेला आहे. सांडपाणी मिसळणाऱ्या गोदावरीच्या पाण्यात नायट्राइट असण्याची शक्यता असल्यामुळे द्रावणातले अॅझाइड वगळू नये. मात्र ते विषारी आहे, म्हणून पिपेट कधीही तोंडाने ओढू नये. साका बाटलीत जागेवरच बसवावा आणि तो आम्लात विरघळवून टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंबाथेंबाने द्रावण सोडत रंग जाईपर्यंतची मोजणी, त्याच दिवशी उरकावे. स्टार्च टाकायचा तो रंग फिकट पिवळा झाल्यावर. मीटर वापरणाऱ्यांनी त्यात ठिकाणाची उंची अवश्य भरावी. 25 अंश सेल्सियस तापमानाला समुद्रसपाटीवर पाणी लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅमला संपृक्त होते. नाशिक शहर सुमारे 600 मीटर उंचीवर असल्याने इथे तोच आकडा 7.7 च्या आसपास येतो.

बाटलीत गाळ नसतो, आणि उथळ पाण्यात तर देवघेवीचा मोठा वाटा गाळाचाच असतो. तळावर पेटी पालथी घालून तिच्यात कोंडलेल्या पाण्याचे नमुने ठरावीक अंतराने नळीने काढले की गाळ काय घेतो आणि काय सोडतो ते कळते. गाळाच्या वरचा ऑक्सिजन संपला की लोहाला बांधला गेलेला फॉस्फेट सुटून पाण्यात येतो, आणि बाहेरून नवे सांडपाणी आले नाही तरी शैवालाला खाद्य मिळत राहते. पेटीत 20 सेंटिमीटर उंचीचे पाणी असेल आणि सहा तासांत फॉस्फेट लिटरमागे 12 मायक्रोग्रॅमने वाढला, तर दर चौरस मीटरमागे 2.4 मिलिग्रॅम, म्हणजे ताशी 0.4 मिलिग्रॅम बाहेर पडला. हा हिशेब सोपा आहे; अवघड आहे ती पेटी बसवणे. माझ्या पहिल्या दोन पेट्यांनी तळ ढवळला आणि ते सगळे आकडे मला रद्द करावे लागले. पेटी सावकाश उतरवावी, गढूळपणा बसेपर्यंत झाकण उघडे ठेवावे आणि शेजारी तळ बंद असलेली, नुसत्या पाण्याची एक पेटी ठेवून तिच्यातला बदल वजा करावा.

बाटली आणि पेटी हाताखाली बसल्यावरच सबंध जलाशयाच्या चोवीस तासांच्या नोंदीकडे वळावे. ओडम यांनी 1956 मध्ये वाहत्या पाण्यासाठी मांडलेल्या या रीतीत रात्रीच्या उतारावरून श्वसन आणि दिवसाच्या चढावरून उत्पादन काढतात, आणि हवेतून पाण्यात किंवा पाण्यातून हवेत गेलेला ऑक्सिजन वेगळा हिशेबात धरतात. म्हणून तापमान आणि वारा यांचीही तासातासाला नोंद हवी. नांदूर मधमेश्वर हे अभयारण्य असल्याने वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि रात्री थांबायचे असल्यास तसे अर्जात स्पष्ट लिहावे. हिवाळ्यात निफाड तालुक्यातली पहाट बोटे बधिर करणारी असते. ब्युरेटची तोटी नीट फिरत नाही. दोघांनी मिळूनच जावे.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सापडली नाही. गोदावरीचे उजवा आणि डावा हे दोन्ही कालवे याच बंधाऱ्यातून निघतात. आवर्तन, म्हणजे कालव्यांना पाणी सोडण्याची पाळी, सुटले की पातळी हलते, वरच्या धरणांचे पाणी येऊन मिसळते, आणि रात्रीचा जो उतार आपण श्वसनाच्या खाती मांडतो त्यात या नव्या पाण्याचा वाटा मिसळलेला असतो. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे कार्यालयात विचारून घ्याव्यात आणि चोवीस तासांची फेरी दोन आवर्तनांच्या मधल्या स्थिर दिवसांत बसवावी. बंधाऱ्याजवळ एक मोजपट्टी रोवून दर नोंदीबरोबर पातळीही लिहावी; ती हललेली दिसली, तर त्या रात्रीचे श्वसन काढू नये.