‘बाल्डर्स गेट ३’मधला फासा कसा वाचावा

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर उभा आहे. नियमपुस्तक न उघडताही तो खेळता येतो. मात्र पडद्यावरचे आकडे येतात कुठून हे एकदा कळले, की हरल्यावर नशिबाला बोल लावण्याची वेळ कमी येते.

आधी हल्ल्याचे गणित पक्के करावे. वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात पात्राचा बोनस मिळवला जातो आणि बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी (वार चुकवण्याच्या त्याच्या क्षमतेचा आकडा) किंवा त्याहून अधिक भरली, तर वार लागतो. समजा बोनस ५ आणि समोरच्या गॉब्लिनचा आर्मर क्लास १५ आहे. मग फाशावर किमान १० हवेत, म्हणजे वीसपैकी अकरा आकडे अनुकूल, आणि शक्यता ५५ टक्के. उंचावरून बाण मारल्यास २ गुण वाढून ती ६५ टक्के होते. लपून वार केल्याने अॅडव्हान्टेज मिळाले, तर दोन फासे पडून मोठा आकडा धरला जातो आणि शक्यता ८० टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे दोहोंपैकी एकच साधण्यासारखे असेल, तर या उदाहरणात लपणेच फायद्याचे.

टेबलावरून आलेल्या खेळाडूंनी बदललेले नियम मात्र ध्यानात ठेवावेत. २०१४च्या नियमपुस्तकात औषध पिण्यात पूर्ण अॅक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, खर्ची पडते आणि शत्रूला ढकलायचे तर एक वार सोडावा लागतो. येथे दोन्ही कामे बोनस अॅक्शनमध्ये, म्हणजे मुख्य कृतीखेरीज मिळणाऱ्या छोट्या जादा कृतीत, उरकतात. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या शत्रूवर तलवार चालवून झाल्यावर त्याच पाळीत त्याला खाली लोटता येते. अर्थात, खोल दरीत पडलेल्या शत्रूच्या अंगावरचा मालही त्याच्याबरोबर जातो, हा हिशेब आधी करावा.

संवादातले आणि कुलूप उघडण्याचे फासे अधिक निर्दय आहेत. मूळ नियमांत फाशावर १ पडल्यास आपोआप अपयश येते ते हल्ल्यापुरते. येथे ते कौशल्याच्या चाचणीलाही लागू आहे, त्यामुळे कितीही निष्णात चोर असला तरी वीसातून एकदा हात चुकण्याचा धोका राहतोच. यावर उतारा म्हणजे इन्स्पिरेशन, जी चारपर्यंत साठवता येते आणि फासा पुन्हा टाकू देते. ‘गायडन्स’ हा मंत्र तर फासा टाकण्यापूर्वी न चुकता वापरावा. चार बाजूंचा एक जादा फासा फुकट मिळतो.

सेटिंगमध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय असून ती अपयशाची लांबलचक मालिका तोडते. ज्यांना टेबलावरचा निखळ फासा हवा असेल, त्यांनी ती बंद करावी.

उरला विश्रांतीचा प्रश्न. टेबलावर केव्हा झोपता येईल यावर डंजन मास्टरचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, अंकुश असतो. येथे तेच काम शिध्याकडे आहे, आणि काठिण्याच्या मधल्या पातळीवर पूर्ण विश्रांतीसाठी ४० एककांचा शिधा लागतो. नवे खेळाडू तो उगाच राखून ठेवतात. सोबत्यांचे कितीतरी प्रसंग मुक्कामाच्या रात्रीच घडत असल्याने मंत्र संपत आले की बिनदिक्कत तळावर परतावे.