मुलांचा नायटा: या चुका टाळा

अंगावर गोल लालसर चट्टा, कडा किंचित उचललेली आणि खवलेदार, मधली त्वचा मात्र निवळत चाललेली, वर खाज. असं दिसलं तर तो बहुधा नायटा, म्हणजेच गजकर्ण. हा बुरशीचा संसर्ग आहे. पण प्रत्येक गोल चट्टा नायटा नसतो. इसबही कधीकधी असाच गोल उठतो. शंका असेल तर डॉक्टर कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घरात पडून असलेली खाजेची ट्यूब लावणं. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ती मनाने लावूच नका. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि गुण आला असं वाटतं. खरं तर स्टेरॉइडने फक्त सूज दबलेली असते, बुरशी पसरतच राहते. मलम थांबवलं की चट्टा उसळून येतो. शिवाय त्याचं रूप इतकं पालटलेलं असतं की ओळखणंही कठीण होतं. मुलांची त्वचा नाजूक, त्यामुळे ती पातळ होण्याचा धोकाही जास्त.

साध्या नायट्याला क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिनसारखं निव्वळ बुरशीनाशक मलम पुरतं. त्वचा कोरडी करून चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे 2 सेंटिमीटरपर्यंत लावा. बहुतेक वेळा 2 ते 4 आठवडे लागतात. चट्टा दिसेनासा झाला म्हणून त्याच दिवशी मलम बंद करू नका, डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करा.

डोक्यातला नायटा वेगळा. केस तुटून चकती पडते, काळे ठिपके दिसतात, किंवा नुसताच कोंडा वाटतो आणि तेल चोपडण्यात महिना जातो. इथे मलम केसांच्या मुळाशी पोचत नाही. ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन पोटात घ्यावं लागतं, तेही कित्येक आठवडे. औषधी शाम्पूने फक्त फैलाव कमी होतो. टाळूवर मऊ, पू भरल्यासारखी गाठ आली तर ती दाबू-फोडू नका, लगेच दाखवा. उशीर झाला तर तिथे केस कायमचे जाऊ शकतात.

टॉवेल, कंगवा, टोपी वेगळी ठेवा. घरातल्या बाकीच्यांचं अंग आणि डोकंही बघा, आणि मांजर किंवा कुत्रा असेल तर त्याच्या केसांतल्या चकत्यासुद्धा.