जर्नल स्क्वेअरला राहायला येताय? पिशवी घेऊनच निघा

न्यूअर्क ॲव्हेन्यू न्यूअर्क शहरात नाही, हे आधी ध्यानात ठेवा. हा रस्ता अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीतला, आणि त्यावरही दोन अगदी वेगळे बाजार आहेत. ग्रोव्ह स्ट्रीट स्टेशनाबाहेर पडलात की गाड्यांना बंदी असलेला तुकडा लागतो: कॅफे, बार, रस्त्यातच मांडलेल्या खुर्च्या. किराणा हवा असेल तर पाथ या लोकल गाडीतून पुढे जर्नल स्क्वेअरला उतरायचं. पहिल्या आठवड्यात मी ग्रोव्ह स्ट्रीटलाच उतरले आणि अर्धा तास डाळ शोधत फिरले. मिळाली ती कॉफी, तीही महागडी.

जर्नल स्क्वेअरहून थोडं चाललं की याच रस्त्यावरचा भारतीय बाजार, इंडिया स्क्वेअर, येतो. दुकानदारांत गुजराती बरेच, गिऱ्हाइकांत तेलुगू मंडळी भरपूर, त्यामुळे आपल्या भाज्या दुसऱ्यांच्या नावाने मागाव्या लागतात. शेपू हवा तर सुवा म्हणा, अंबाडी हवी तर गोंगुरा. तूरडाळीचं पाकीट नीट वाचून घ्या. ‘ऑइली’ लिहिलेलं असेल तर डाळीला तेल चोळलेलं असतं, गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावी लागते. माझं पहिलं वरण त्यापायी वाया गेलं. ज्वारी-बाजरीचं पीठ, कोकम, पातळ पोहे सगळं मिळतं. गोडा मसाला मात्र घरूनच आणा, त्याबाबतीत माझं मत बदलणार नाही.

आणि पिशवी. मे २०२२ पासून न्यू जर्सीत दुकानांतल्या प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत, मोठ्या किराणा दुकानांत तर कागदीही देत नाहीत. आईने सामानात कोंबलेल्या कापडी पिशव्या टाकू नका.

शिजवून न दिलेल्या बहुतेक खाण्याच्या वस्तूंवर आणि कपड्यांवर इथे विक्रीकर नाही. बाकी खरेदीवर ६.६२५ टक्के, पण सवलत योजनेत असलेल्या दुकानांत निम्माच लागतो, तेव्हा पावतीवर नजर टाकत जा. थंडीचे कोट न्यूपोर्टच्या मॉलमध्ये घ्या. कोणी पॅरामसला जाऊ म्हणालं तर शनिवारी जा. ते ज्या बर्गन काउंटीत येतं, तिथे रविवारी कपड्यांची दुकानं कायद्यानेच बंद असतात.

स्क्वेअरचं नाव ‘जर्सी जर्नल’ या वर्तमानपत्रावरून पडलं. २०२५ च्या फेब्रुवारीत ते बंद झालं. याच वर्तमानपत्रात १९८७ साली भारतीयांना शहरातून हुसकावून लावू, अशा धमकीचं पत्र छापून आलं होतं. लिहिणारे स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवत. त्यातला डॉट म्हणजे आपल्या कपाळावरची टिकली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीयाचा मारहाणीत जीव गेला. आज आपण टिकली लावून मेथीची जुडी निवडत उभ्या असतो, ते त्या काळात इथे पाय रोवून राहिलेल्यांमुळे. मला आता काळजी वाटते ती भाड्याची. स्टेशनाला खेटून ५३ मजल्यांचा पहिला मनोरा २०१७ मध्ये उभा राहिला, मागोमाग त्याहून उंच आले. जिम, गच्ची, दाराशी गाडी, सगळं आहे तिथे. पण घर बघताना आजूबाजूच्या जुन्या दोन मजली घरांतही चौकशी करा. मात्र हीटिंगचा खर्च भाड्यात धरलाय का, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

स्टेशनाबाहेर कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचा पुतळा आहे. १९४६ मध्ये गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमधली रंगभेदाची भिंत त्याने ओलांडली, ती याच शहरातल्या मैदानावर. समोर १९२९ सालचं लोज थिएटर. १९८६ मध्ये बंद पडलेलं हे थिएटर पाडायलाच निघाले होते, गावकऱ्यांनी वाचवलं.

पाहुणे आले की आम्ही त्यांना लिबर्टी स्टेट पार्कला नेतो. तिथल्या १८८९ च्या जुन्या रेल्वे टर्मिनसवरून समोरच्या एलिस आयलंडवर जहाजाने उतरलेले स्थलांतरित पुढच्या गाड्या पकडत. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याकडे जाणारी बोटही तिथूनच सुटते, न्यूयॉर्कच्या बाजूपेक्षा गर्दी बरीच कमी. लाइट रेलने जाणार असाल तर यंत्रातून काढलेलं कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या दुसऱ्या यंत्रात छापून घ्या, नुसतं खिशात असून चालत नाही. आणि पाण्याकाठी बसलात तर चिवड्याची पिशवी उघडी ठेवू नका, सीगल सोडत नाहीत.