इथियोपियात मुलाला 'उपाशी ठेवा' सांगताना घड्याळ सांभाळा

दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियेच्या शिबिरासाठी इथियोपियात जाणार असाल, तर एक घोळ आधीच टाळा. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात. आपले सकाळचे 7 म्हणजे त्यांचा 1. आपण सांगतो, 'रात्री 12 नंतर काही देऊ नका', आणि आई ऐकते पहाटेचे 6! सकाळी बाळाच्या हातात इंजेराचा (तिथल्या भाकरीचा) तुकडा दिसतो आणि त्या दिवसाची शस्त्रक्रिया रद्द होते.

उपाय सोपा आहे:

1. आपल्या वेळेतून 6 वजा करा. वजा होत नसेल तर 6 मिळवा. रात्रीचे 2 म्हणजे त्यांचे रात्रीचे 8.
2. आईला द्यायच्या चिठ्ठीवर दोन्ही वेळा लिहा, त्यांची मोठ्या अक्षरात. सोबत चंद्र किंवा सूर्य काढा, म्हणजे रात्र-दिवस कळतो.
3. तीन चित्रं काढा: भाकरी, स्तन, पाण्याचा पेला. सर्वसाधारणपणे जेवण आणि वरचं दूध 6 तास आधी बंद, अंगावरचं दूध 4, साधं पाणी 2. प्रत्येक चित्राशेजारी वेळ.
4. दुभाष्याकरवी आईकडूनच सगळं परत वदवून घ्या. नुसत्या मान डोलावण्यावर जाऊ नका. आजी सोबत असेल तर तिलाही सांगा. खाऊ बहुतेक तिच्याच पदराला असतो.

मात्र वेळा भूलतज्ज्ञाकडून पक्क्या करून घेतल्याशिवाय चिठ्ठी देऊ नका. आणि औषधाचा डोस सांगितलेल्या वयावरून नको, काट्यावरच्या वजनावरून. तिथलं कॅलेंडरही आपल्याहून 7-8 वर्षं मागे आहे, त्यामुळे जन्मसालावरून काढलेलं वय चुकू शकतं.