जपानी तलवारीचे काता: एकट्याने कसे करायचे आणि जोडीने कसे

काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, पण क्रम पाठ झाला म्हणजे काता आला असं अजिबात नाही. समोरचा माणूस कुठे आहे, काय करायला निघालाय हे तुम्हाला दिसलं पाहिजे, आणि एकट्याने करताना तर जास्तच, कारण समोर कोणी नसतंच.

सुरुवात बोकुतोने, म्हणजे लाकडी तलवारीने करा. ती साधारण १०२ सेंमी लांब असते, डोक्यावर उचलली की पंखा, ट्यूबलाइट सगळं टप्प्यात येतं, म्हणून आधी वर बघा नाहीतर सरळ गच्चीवर जा. इआइतोला, म्हणजे सरावाच्या धातूच्या तलवारीला, धार नसली तरी टोक असतंच, त्यामुळे शिक्षकांनी म्यान करायला शिकवल्याशिवाय ती हातात घेऊ नका.

पकडताना डावा हात मुठीच्या अगदी टोकाला, उजवा परजेच्या जवळ. जोर डाव्या हाताच्या करंगळीत आणि अनामिकेत ठेवायचा, उजवा जास्त ओढायला लागला की वार तिरका जातो.

एकट्याने करायला ऑल जपान केंदो (जपानी तलवारबाजी) फेडरेशनचे इआइ काता, म्हणजे म्यानातून तलवार काढून वार करण्याचे काता, चांगले, १९६९ मध्ये ७ ठरवले होते, आता १२ आहेत. पहिला ‘माए’ घ्या. गुडघे मोडून सेइझात बसायचं आणि समोर तुमच्याच उंचीचा माणूस तसाच बसलाय असं धरायचं. तो हल्ला करणार हे जाणवताच उजवा पाय पुढे टाकत तलवार काढून त्याच्या कानशिलाच्या उंचीवर आडवा वार, मग वरून सरळ खाली, मग रक्त झटकण्याची हालचाल, मग म्यान. हे चार तुकडे आधी वेगवेगळे करा, अगदी सावकाश, आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचारा की आत्ता तो माणूस कुठे आहे. उत्तर येत नसेल तर थांबा, पुन्हा बसा. आरसा अधूनमधून ठीक, पण सारखं त्यात बघत राहिलं की नजर समोरच्या माणसावरून उडून स्वतःवर येते.

जोडीसाठी निहोन केंदो काता, मूळ मांडणी १९१२ ची, एकूण १०. यात उचिदाची आधी वार करतो, शिदाची त्याला उत्तर देतो. गंमत म्हणजे हरण्याची बाजू, म्हणजे उचिदाचीची, अनुभवी माणसाकडे असते, कारण शिकवतो तोच.

पहिल्या कातात दोघंही तलवार डोक्यावर घेतात, उचिदाचीचा डावा पाय पुढे, शिदाचीचा उजवा. तीन पावलं पुढे यायचं. उचिदाची ‘या’ अशी आरोळी देत उजवा पाय टाकून सरळ डोक्यावर वार करतो, शिदाची हात मागे घेत पाऊल मागे सरकतो, वार समोरून खाली निघून जातो आणि लगेच शिदाची पुढे येऊन ‘तो’ अशी आरोळी देत डोक्यावर वार आणतो, हा वार डोक्याच्या जरा वर थांबवायचा. उचिदाची मागे हटेपर्यंत टोक त्याच्यावर रोखलेलंच ठेवायचं, इथे ढिलं पडायचं नाही.

नवीन जोड्यांत हमखास बिघडतं ते हे की उचिदाची जोडीदाराला लागेल म्हणून वार अलीकडेच थांबवतो किंवा बाजूला काढतो. मग शिदाचीला मागे सरकायचं कारणच उरत नाही, तो नुसता आकड्यांवर पाय हलवत बसतो आणि अंतर कधीच कळत नाही. वार डोक्याच्या रेषेतच आला पाहिजे, फक्त हळू. डोक्यावर हेल्मेट नसतं आणि लाकूड जोरात बसलं तर इजा मोठी होते, म्हणून वेग कमी करा, रेषा बदलू नका. दोघंही नवीन असाल तर बाजू आलटून पालटून घ्या. अंतर जमलं की मग वेग, आणि शेवटचे ३ काता, ज्यात शिदाचीकडे कोदाची, म्हणजे आखूड तलवार असते, ते पहिले ७ बसल्यावरच.