सशाची नसबंदी झाल्यावर या चुका टाळा: टाक्यांआधी लेंड्या बघा

दवाखान्यातून ससा घरी आला की सगळं घर त्याच्या टाक्यांकडे बघत बसतं. टाके बघायलाच हवेत, पण नसबंदीनंतर सशाचा जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा पोटामुळे. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. भूल, दुखणं आणि भीती यांनी ते मंदावतं. मग ससा खाणं सोडतो, न खाल्ल्याने आतडं आणखी मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं आणि तो अजूनच खात नाही. एवढ्याने एका रात्रीत ससा जाऊ शकतो. खालच्या बहुतेक चुका याच गोष्टीला हातभार लावतात.

ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवणं

ही चूक आदल्या रात्रीच होते. कुत्र्या-मांजरांना भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, कारण गुंगीत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सशाला उलटी करताच येत नाही. म्हणून दवाखान्यात नेईपर्यंत गवत आणि पाणी त्याच्यासमोर असू द्या, आणि थोडं गवत सोबतही न्या. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत कुत्री-मांजरंच जास्त येतात. त्यामुळे फोनवर सवयीने "रात्रीपासून काही देऊ नका" असं सांगितलं जाऊ शकतं. तेव्हा थेट डॉक्टरांना विचारा. सशांची ऑपरेशनं ते नेहमी करतात का, हेही विचारा. यात संकोच कसला?

"झोपू दे, उद्या खाईल"

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ससा कोपऱ्यात शांत बसला की तो आराम करतोय असं वाटतं. तो खरंच दमलेला असेल, पण खाणं त्याच रात्री सुरू व्हायला हवं. त्याचं नेहमीचं गवत तोंडाजवळ ठेवा. धुतलेली कोथिंबीर, पुदिना, हरळी असं वासाचं, आवडीचं काहीतरी हाताने भरवून बघा. पाणी नळीच्या बाटलीऐवजी वाटीत द्या, मान वर करून प्यायचे कष्ट वाचतात.

पिंजऱ्यात भुसा किंवा बारीक खडे नकोत, ते जखमेला चिकटतात. वर्तमानपत्र आणि त्यावर जुना सुती टॉवेल पुरे. त्यावर लेंड्याही नीट दिसतात. सुरुवातीच्या लेंड्या लहान आणि थोड्या असतील, त्याला घाबरू नका. मात्र दहा-बारा तासांत ससा काहीच खात नसेल किंवा एकही लेंडी पडली नसेल, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना फोन करा. रात्री कोण उपलब्ध असतं, तो नंबर ऑपरेशनच्या दिवशीच विचारून ठेवा.

डॉक्टरांनी भरवायला सांगितलं तर पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून पातळ पेस्ट करा आणि सुई नसलेल्या सिरिंजने द्या. सिरिंज तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे घालायची. थोडं द्यायचं, त्याने चावून गिळलं की मग पुढचं. सशाला उताणं धरून कधीही भरवू नका, घास फुप्फुसात जातो. पोट ढोलासारखं ताठ लागत असेल तर भरवणं थांबवून आधी दवाखाना गाठा.

"अशक्त झालाय, ताकद येऊ दे" म्हणून दूध-पाव, पोळी, बिस्किटं देण्याचा मोह घरातल्या मोठ्यांना होतो. माया खरी असते, पण पिठाने आणि साखरेने त्याचं पोट आणखी बिघडतं.

औषधं मनाने देणं आणि मनाने थांबवणं

ससा दुखणं लपवतो, कारण निसर्गात तो शिकार होणारा प्राणी आहे. कुबड काढून बसणं, डोळे अर्धवट मिटणं, पोट जमिनीला दाबणं, दात मोठ्याने करकरा वाजवणं, ही दुखण्याची लक्षणं. वेदनाशामक म्हणून बहुधा मेलॉक्सिकॅम देतात. वजनाच्या हिशोबाने सशाला त्याचा डोस कुत्र्यापेक्षा जास्त लागतो, त्यामुळे कुत्र्याच्या बाटलीवरचा अंदाज इथे चालत नाही. "आता बरा दिसतोय" म्हणून ते मध्येच बंद करू नका. माणसांच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

अँटिबायोटिकबद्दल अधिक सावध राहा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक वाढतात आणि जुलाब होऊन ससा दगावू शकतो. चिठ्ठीवर यातलं नाव दिसलं तर डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. कुत्र्यांसाठीचा फिप्रोनिलचा गोचीड-पिसवांचा स्प्रेही सशावर मारू नका.

जखमेवर हळद, तेल, पावडर

यातलं काही लावू नका. ससा चाटतो, धूळ चिकटते आणि टाके कसे आहेत ते दिसेनासं होतं. आंघोळही नाही. दिवसातून दोनदा नुसतं बघा. नराला वृषणाच्या पिशवीवर पहिले काही दिवस हलकी सूज येते. सूज वाढत गेली, लाली पसरली, पू किंवा रक्त आलं, टाका सुटला, तर दवाखाना. पावसाळ्यात माश्या जखमेवर आणि ओल्या बुडावर अंडी घालतात आणि अळ्या फार पटकन पडतात. तेव्हा जागा कोरडी ठेवा, पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका.

गळ्यात प्लास्टिकची कॉलर सरसकट घालणंही बरोबर नाही. ससा रोज स्वतःच्या मऊ लेंड्या थेट खातो, त्याच्या पोषणाला त्या लागतात. कॉलरमुळे त्याचं तोंड तिथवर पोचत नाही, शिवाय बिचारा बिथरतो. टाके कुरतडत असेल तरच, डॉक्टरांना विचारून घाला.

थेट पंख्याखाली किंवा एसीत ठेवणं

भुलेतून उठलेल्या सशाचं अंग गार पडतं. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, नको असेल तेव्हा त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे. पूर्ण शुद्धीवर आल्यावर मात्र उन्हाळ्यात उकाड्यापासूनही जपा.

उड्या आणि उचलणं

मादीचं पोट उघडलेलं असतं, म्हणून तिला दहा-चौदा दिवस सोफ्यावर, जिन्यावर जाऊ देऊ नका. उचलायचं तर एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. कान धरून कधीच नाही.

नराला लगेच मादीजवळ सोडणं

नसबंदीनंतरही नराच्या शरीरात आधीचे शुक्राणू उरलेले असतात. चार ते सहा आठवडे तो मादीला गाभण करू शकतो, आणि सशात गाभणकाळ जेमतेम महिनाभराचा. म्हणून मादीची नसबंदी झालेली नसेल तर एवढे दिवस त्यांना वेगळंच ठेवा. पण नजरेआड नको: मध्ये जाळी लावून पिंजरे शेजारी ठेवले की वास ओळखीचा राहतो आणि नंतर मारामारी कमी होते. मादीचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर नर तिच्या अंगावर चढणार नाही, याची टाके भरेपर्यंत काळजी घ्या.